शाळा कुठवर नेते? – विशेष शाळांचा इतिहास, आपल्या लेकरांसाठी



जून जवळ आला की आमच्या बचत गटांच्या मासिक बैठकीत एक विषय हमखास निघतो. हप्ते गोळा होतात, अंतर्गत कर्जाचे अर्ज वाचून होतात, वहीवर सह्या होतात. बायका उठायला लागतात आणि तेवढ्यात एखादी ताई हळूच विचारते, "माझ्या पोरीला ऐकू येत नाही, तिच्यासाठी शाळा कुठली चांगली?" दुसरी म्हणते, "आमच्या नातवाला दिसत नाही. पुण्याला घालावं का नगरला?" प्रश्न एका वाक्याचा असतो, पण त्यावर एका मुलाचं अख्खं आयुष्य टांगलेलं असतं.

आम्ही बचत गटांचं काम करणाऱ्या बाया. शिक्षणतज्ज्ञ नाही. पण हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला की त्याच्या मागे लागावं लागलं. वाचलं, विचारलं, काही शाळांच्या दारात जाऊन आलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दोन विशेष शाळांची तुलना इमारत बघून किंवा मैदान बघून करता येत नाही. प्रत्येक शाळेला तिचा जन्म चिकटलेला असतो. ती कधी निघाली, कुणी काढली आणि कशासाठी काढली, यावर ती आपल्या लेकराला कुठवर नेणार हे पुष्कळसं ठरतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगणार आहोत. तो ऐकला की शाळेच्या दारात उभं राहून काय विचारायचं ते आपोआप कळेल.

आधी आजचं चित्र बघू. महाराष्ट्रात विशेष शाळा मुख्यतः चार प्रकारच्या आहेत. अंध मुलांच्या, कर्णबधिर मुलांच्या, बौद्धिक अक्षम मुलांच्या आणि अस्थिव्यंग म्हणजे हातापायाने अधू असलेल्या मुलांच्या. जुन्या पाट्यांवर अजून 'मूकबधिर विद्यालय' किंवा 'मतिमंद मुलांची शाळा' असे शब्द दिसतील. यातल्या मोजक्या शाळा शासनाच्या स्वतःच्या आहेत. बहुसंख्य शाळा संस्था चालवतात, आणि शासन पगाराला आणि मुलांच्या राहण्या-जेवण्याला अनुदान देतं. काही शाळा विनाअनुदानित आहेत. जिल्ह्यात यांच्यावर देखरेख जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची, राज्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालयाची. हे ध्यानात ठेवा, कारण आपल्या इतर पोरांची शाळा शिक्षण विभागाकडे आणि या पोरांची शाळा समाजकल्याणकडे, हा फरक उगीच पडलेला नाही. त्याचं मूळ शंभर वर्षांमागे आहे.

आता मागे जाऊ, आणि सुरुवात आपल्या नगरापासूनच करू.

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं. याच मिशनच्या सिंथिया फरार या बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतिराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या होत्या आणि त्यातून आपल्याला प्रेरणा मिळाली असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाशीही फरारबाईंचं नाव जोडलं जातं. म्हणजे मुलींच्या शिक्षणाच्या वाटेवर नगर फार लवकर आलं. पण ज्या मुलीला दिसत नाही, ऐकू येत नाही, तिच्यापर्यंत ही वाट पोचायला आणखी पन्नास-साठ वर्षं गेली. आणि ती पोचली ती एका दुष्काळाच्या हाताला धरून.

१८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या भागात मोठा होता. त्याच्या तीनच वर्षं आधी एक दुष्काळ होऊन गेला होता, त्यातून लोक सावरलेही नव्हते. अनाथ मुलांचे लोंढे शहरांकडे आणि मिशनच्या आश्रमांकडे गेले. त्यांत अंध मुलंही होती. नगरला काम करणाऱ्या त्याच मिशनच्या ॲना मिलर्ड या बाईंनी १९०० मध्ये मुंबईत अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. ती शाळा आजही आहे. दादरची कमला मेहता अंधशाळा म्हणून ती ओळखली जाते आणि तिथे मुली शिकतात.

त्याच काळात आपल्या श्रीगोंद्यापासून फार लांब नसलेल्या केडगावला, दौंड तालुक्यात, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दुष्काळातल्या मुली-बायकांनी भरून गेलं होतं. त्यांतही अंध होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकल्या आणि त्यांनी या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. घराने टाकलेली, दुष्काळाने होरपळलेली आणि वर डोळ्यांनी अंध अशी मुलगी पुस्तक वाचते, ही गोष्ट तेव्हाच्या लोकांना किती नवलाची वाटली असेल याचा विचार करा.

पण इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. या शाळा जन्मल्या आसरा म्हणून. आधी जीव वाचवायचा, मग पोट भरायचं, मग हाताला काम द्यायचं. वेताच्या खुर्च्या विणणं, टोपल्या करणं, गाणं-बजावणं. अक्षरं त्यानंतर. 'हे मूल दहावी होईल' असा हिशोब तेव्हा कुणी मांडलेला नव्हता, कारण सर्वसाधारण मुलीच तेव्हा कुठे दहावीपर्यंत शिकत होत्या? त्यामुळे विशेष शाळा म्हणजे सेवा, दया, आश्रम असं नातं जडलं. पुढे सरकार आलं तेव्हाही हा विषय शिक्षणाच्या खात्यात न जाता समाजकल्याणच्या खात्यात गेला. आज एखाद्या शाळेत गेल्यावर "आम्ही मुलांना किती प्रेमाने सांभाळतो" एवढंच ऐकायला मिळालं तर समजावं की ही शाळा अजून त्या पहिल्या काळात आहे. प्रेम हवंच. पण शाळेकडे प्रेमाबरोबर अभ्यासही मागायचा असतो.

कर्णबधिर मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची पहिली शाळा अंधांच्याही आधी निघाली. मुंबईत १८८५ च्या सुमारास कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांनी ती काढली. पण तिच्या जन्माच्या थोडं आधी, १८८० मध्ये, दूर इटलीतल्या मिलान गावी एक परिषद भरली होती. बहिऱ्या मुलांना शिकवणारे शिक्षक तिथे जमले होते. त्यांनी ठराव केला की या मुलांना खुणांच्या भाषेत शिकवू नये, ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवावं. ठरावाला हात वर करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे लोक होते. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना कुणी विचारलं नाही. मैत्रिणींनो, आपल्यासाठी आपल्याला न विचारता ठराव कसे होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या ठरावाचा परिणाम जगभर झाला आणि आपल्याकडेही झाला. अनेक शाळांत मुलांनी हात हलवले की दटावलं जाई. एकेक शब्द उच्चारायला शिकण्यात वर्षं जात. ज्या मुलाला थोडं ऐकू येतं आणि लहानपणीच श्रवणयंत्र मिळालं, त्याला बोलण्याच्या पद्धतीचा फायदा होतो, हे खरं आहे. पण ज्याला अगदीच ऐकू येत नाही, ते मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत शब्दांशीच झगडत राहतं, आणि गणित, विज्ञान, इतिहास मागे पडतो. मुळात हुशार मूल 'कच्चं' ठरतं. २०१० मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या अशाच परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी!

आपल्या देशात १९८३ मध्ये मुंबईला कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था झाली, ती अली यावर जंग यांच्या नावाने ओळखली जाते. २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांनी २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा शब्दकोश काढला, तो २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने माध्यमिक स्तरावर सांकेतिक भाषा हा विषय म्हणून आणला. म्हणजे ज्या खुणांवरून छड्या बसल्या, त्या आता परीक्षेचा विषय आहेत. तेव्हा कर्णबधिर मुलांच्या दोन शाळा तोलताना पहिला प्रश्न हा, की इथले शिक्षक सांकेतिक भाषा जाणतात का? वर्गात ती वापरतात का? की मुलं ती फक्त वसतिगृहात, आपसात बोलतात?

आता अंध मुलांकडे परत येऊ. मुंबईत १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली, १९२५ मध्ये हॅपी होम. पुण्याला १९३४ मध्ये डॉ. शंकरराव माचवे यांनी अंधशाळा काढली. आज तिची मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आणि मुलींची कोथरूडला आहे. आपल्या नगर, पारनेर, श्रीगोंद्याच्या लोकांना पुणे जवळ, म्हणून आपल्याकडची मुलं तिकडे जात आली. आळंदीलाही अंध मुलींची 'जागृती' शाळा आहे. ती नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडची महाराष्ट्र शाखा चालवते, म्हणजे अंध लोकांचीच संघटना. आसरा देणाऱ्यांनी काढलेल्या शाळेपासून अंधांनी स्वतः काढलेल्या शाळेपर्यंत हा प्रवास झाला, ही मोठी गोष्ट आहे.

पण अंध मुलाने हायस्कूल शिकायचं तर नुसती शाळा पुरत नाही, पुस्तक लागतं. स्वातंत्र्याच्या आधी आपल्या देशात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसरीकडचं पुस्तक वाचता येईलच असं नव्हतं. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, सगळ्या भारतीय भाषांसाठी सहा टिंबांची एकच पद्धत. मग पाठ्यपुस्तकं छापणं सोपं झालं. २००८ च्या फेब्रुवारीत स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. आता मोबाईल आणि संगणक मजकूर वाचून दाखवतात. दहावीच्या परीक्षेला लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. त्यामुळे अंध मुलाच्या शाळेत विचारायचा प्रश्न हा, की आठवी, नववी, दहावीची ब्रेल पुस्तकं जूनमध्ये हातात येतात का? गणित आणि विज्ञान शिकवतात का, की अंध आहे म्हणून आधीच सोडायला लावतात? लेखनिक शाळा बघते, की आईबापांनी शोधायचा?

बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळा सगळ्यांत उशिरा आल्या. मुंबईत १९४४ मध्ये जय वकील यांनी अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. त्यानंतर हळूहळू इतर शहरांत शाळा निघत गेल्या. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी केंद्र काढलं. ज्या मुलांना लोक सरसकट 'वेडं' म्हणत, त्यांतल्या कित्येकांची बुद्धी शाबूत असते, फक्त हात-पाय आणि जीभ ऐकत नाही, हे त्या कामातून लोकांना दिसलं.

या शाळांत इयत्तेचा अर्थ वेगळा. तिथे पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, मग पूर्वव्यावसायिक असे गट असतात. माध्यमिक गट म्हणजे दहावी नव्हे. तिथे मूल पैसे मोजायला, बसचा बोर्ड ओळखायला, स्वयंपाकात मदत करायला शिकतं. हे शिक्षण कमी दर्जाचं नाही, फक्त वेगळं आहे. पण आईला ते आधी कळायला हवं, नाहीतर ती दहावीच्या निकालाची वाट पाहत बसते. अठराव्या वर्षानंतर पुढे काय, कार्यशाळा आहे का, हा प्रश्न या मुलांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी विचारावा. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा या मुलांना अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय देतो, तेही कानावर असू द्या.

आतापर्यंतच्या गोष्टीत गावं कोणती आली? मुंबई, पुणे, दादर, ताडदेव. आपलं पाथर्डी, जामखेड, अकोले कुठे आहे? सर्वसाधारण मुलांसाठी आपल्या जिल्ह्याने वेगळी वाट पाहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि तिच्या शाळा गावोगाव आल्या. त्याच्याबरोबर वसतिगृहं आली. शेतकऱ्याचं पोर बोर्डिंगात राहून शिकलं आणि शिकून मोठं झालं. आपल्या घराघरांत रयतचे विद्यार्थी सापडतील. हायस्कूल घराजवळ आलं, म्हणून आपल्या आया शिकल्या नाहीत तरी आपण शिकलो. विशेष मुलांसाठी मात्र हायस्कूल गावाकडे आलं नाही. मुलालाच शहराकडे जावं लागलं.

सरकारने हे ओळखलं नव्हतं असं नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात अशा मुलांसाठी निदान एक तरी चांगली संस्था असावी. १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांना साध्या शाळांत शिकवण्याची योजना आणली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात लिहिलं की तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहासह विशेष शाळा काढाव्यात. जिल्ह्याचं ठिकाण! आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून नगरला यायचं म्हणजे दिवस मोडतो. कागदावर 'जिल्ह्यात शाळा आहे' असं लिहिलं जातं, आणि आईच्या हिशोबात ती शाळा परमुलखातच असते.

म्हणून वसतिगृह हा या सगळ्या विषयाचा कणा आहे. त्यातही पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कुटुंबांचं बघा. दिवाळीच्या सुमाराला कोयता उचलायचा तो उन्हाळ्यापर्यंत. ऐकू न येणारं लेकरू फडात सोबत न्यायचं, की म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचं? अशा घरासाठी निवासी शाळा म्हणजे चैन नव्हे, तीच एकमेव शाळा. आणि मुलगी असेल तर प्रश्न दुप्पट होतो. मुलगी लहान असेपर्यंत धाडतात. ती वयात आली की आई म्हणते, आता कुणाच्या भरवशावर ठेवू? वसतिगृहात रात्री बाई अधीक्षक असते का, मुलींची न्हाणीघरं आणि संडास वेगळे आहेत का, मुलीला काही झालं तर ती ते कुणाला आणि कोणत्या भाषेत सांगेल, हे विचारणं म्हणजे संशयखोरपणा नव्हे. ते आईचं कामच आहे. चांगली शाळा या प्रश्नांवर चिडत नाही. जी चिडते तिथे आणखी एकदा विचार करावा.

आमच्या एका गटातल्या ताईची मुलगी कर्णबधिर. निवासी शाळेत सातवीपर्यंत शिकली. पहिल्या तिनांत असायची. सातवी झाली आणि शाळेने दाखला हातात दिला, कारण शाळेची मान्यताच तिथवर होती. पुढे आठवी कुठे आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे त्या ताईला माहीत नव्हतं. पोरगी दोन वर्षं घरी बसली. शेळ्या राखल्या, भावंडं सांभाळली. खुणा करायला घरात कुणी नाही, त्यामुळे तिचा हसरा चेहरा हळूहळू मिटत गेला. तिसऱ्या वर्षी गटातल्या बायकांनी चौकशी केली, ताईने गटातून पाच हजारांचं कर्ज घेतलं आणि मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या दहावीपर्यंतच्या शाळेत घातलं. वयाने मोठी म्हणून ती वर्गात लाजायची. पण दहावी झाली. आज ती शिवणकामाच्या कारखान्यात कामाला आहे आणि तिच्या नावाचं बँक खातं आहे. तिची गेलेली दोन वर्षं मात्र तिला कुणी परत देऊ शकत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, सातवी आणि आठवी यांच्यामधली ही जी दरी आहे, तीच या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेली आहे. आसरा म्हणून निघालेल्या शाळेने मूल लहान असेपर्यंत सांभाळायचा विचार केला. ते मोठं होईल, त्याला दहावी, बारावी, नोकरी लागेल, हा विचार उशिरा आला. कायद्याने मात्र तो केव्हाच केला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातच लिहिलं होतं की अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळावं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. सर्वसाधारण मुलांचा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता आहे. पण चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा हक्क सहा ते अठरा वर्षांचा आहे. आणि निवड आपली. जवळच्या साध्या शाळेत घालायचं की विशेष शाळेत, हे कायदा आपल्यावर लादत नाही. म्हणजे हायस्कूल ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

मग साधी शाळा बरी की विशेष? दोन्ही बाजूंनी सांगतो. साध्या शाळेत मूल घरी राहतं, भावंडांत वाढतं, गावाला त्याची सवय होते. पण तिथे ब्रेल किंवा खुणा जाणणारा शिक्षक रोज नसतो. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक अनेक शाळा मिळून फिरतात. विशेष शाळेत शिक्षक असतात, आपल्यासारखी दुसरी मुलं भेटतात, भाषा फुलते. पण घर तुटतं. अस्थिव्यंग मुलाला बहुधा रॅम्प आणि वापरता येईल असा संडास मिळाला तर गावचं हायस्कूल पुरतं. पूर्ण कर्णबधिर मुलाला लहान वयात स्वतःच्या भाषेची सोबत लागते, ती विशेष शाळेत मिळते. काही अंध मुलं सातवीपर्यंत अंधशाळेत ब्रेल पक्कं करतात आणि मग साध्या हायस्कुलात जातात. एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. मूल बघून ठरवायचं.

आता शाळा बघायला जाल तेव्हाचे प्रश्न एकदा ओळीने सांगतो, लिहून घ्या. शाळेची मान्यता कितवीपर्यंत आहे? ती शासकीय आहे, अनुदानित आहे की विनाअनुदानित? अनुदानित निवासी शाळेत राहण्या-जेवणासाठी शासन संस्थेला विद्यार्थ्यामागे पैसे देतं, तेव्हा आपल्याकडे पैसे मागितले तर कशाचे, ते पावतीसह विचारा. गेल्या तीन वर्षांत इथली किती मुलं दहावीला बसली आणि किती पास झाली? त्यांत मुली किती? शिक्षकांनी विशेष शिक्षणाचा कोर्स केला आहे का? १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे अशा शिक्षकांची नोंदणी असते. आणि शेवटचा प्रश्न, इथली मुलं पुढे कुठे गेली? ज्या शाळेला आपल्या जुन्या मुलांचा पत्ता माहीत असतो, ती शाळा बहुतेक वेळा चांगली निघते.

कागदपत्रांचंही सांगतो. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते. साध्या शाळेसाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांना भेटा. शाळा बघायला जाताना खर्चाची चिंता वाटते, तर दिव्यांगांना एसटीत पंच्याहत्तर टक्के सवलत आहे आणि आपल्याला महिला म्हणून अर्धं तिकीट. ज्यांचं मूल आधीच मधे थांबलं आहे, त्यांनीही हात टेकू नयेत. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी देता येते, मुक्त विद्यालयाचीही वाट आहे.

आणि एक काम आपण गटांनी करायचं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. तेव्हा प्रकार मोजकेच धरले होते, २०१६ च्या कायद्याने एकवीस धरले. म्हणजे आपल्या गावातही अशी मुलं आहेत, फक्त ती घराच्या आतल्या खोलीत आहेत. पुढच्या मासिक बैठकीत वहीच्या मागच्या पानावर गावातल्या अशा प्रत्येक मुलाची नोंद करा. वय किती, कितवीत आहे, आणि जिथे शिकतं ती शाळा कितवीला संपते. जे मूल यंदा सातवीत आहे त्याच्यापुढे खूण करा. त्याची आठवी कुठे, हे दिवाळीच्या आत ठरलं पाहिजे, कारण दिवाळीनंतर आपल्यातली निम्मी घरं कारखान्याच्या वाटेला लागतात. ग्रामसंघात हा विषय मांडा, ग्रामसभेत मांडा. ग्रामपंचायतीने पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, त्याचा हिशोब विचारा. शाळा बघायला एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. एकटी बाई विचारते तेव्हा तिला चहा मिळतो. तिघी विचारतात तेव्हा उत्तर मिळतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर वहीचं ते मागचं पान तेवढं भरून ठेवा.